पोलादाचा पत्ता : भोसरी-चाकणचा बोल्ट आणि युरोपचा कार्बन कर

आजचा भाग एका कराबद्दल आहे, पण त्यासाठी आपल्याला १९५० च्या दशकापर्यंत मागं जायचंय. कराचं नाव लांबलचक आहे, कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम. सगळे त्याला 'सीबॅम' म्हणतात, आपणही तेच म्हणू. तो युरोपीय संघानं आणलाय. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज या सहा गटांतला माल बाहेरून युरोपात आणायचा असेल, तर तो बनवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला ते सांगायचं आणि त्या प्रमाणात पैसे भरायचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशेब सुरू झालाय.

मी काही अर्थतज्ज्ञ नाही. सॉफ्टवेअर लिहितो, डेटाबेसमध्ये डोकं घालून बसतो. पण पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाच्या ओळखीत एखादं तरी वर्कशॉप असतंच, आणि सध्या त्या वर्कशॉपांमध्ये या कराबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक, 'हे मोठ्या कंपन्यांचं झेंगट आहे, आपल्याला काय.' दुसरं, 'युरोपचा धंदा संपला.' मला दोन्ही पटत नाहीत. हा कर नेमकं काय बदलतो हे समजून घ्यायचं, तर आपला हा औद्योगिक पट्टा मुळात इथं का उभा राहिला, हे आधी बघायला हवं.

खनिज नाही, कोळसा नाही, तरी कारखाने

नकाशा समोर आणा. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण. यांच्या आसपास लोहखनिजाची खाण नाही. कोळसा तर नाहीच. देशातलं जुनं पोलाद पूर्वेकडचं. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात १९१२ साली पोलाद बनायला लागलं. स्वातंत्र्यानंतर भिलाई, राऊरकेला, दुर्गापूर आले. जमशेदपूर ते पुणे हे अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त आहे. जड माल इतक्या लांब आणायचा तर भाडंच केवढं होईल! साध्या हिशेबानं लोखंडकामाचे कारखाने जमशेदपूरच्या आजूबाजूला वाढायला हवे होते.

सुरुवात तशीच झाली होती. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ साली जमशेदपूरलाच स्थापन झाली. आधी रेल्वेची इंजिनं आणि १९५४ पासून डाइमलर-बेंझच्या सहकार्यानं ट्रक. पोलादाच्या कारखान्याशेजारी ट्रकचा कारखाना. पण १९६० च्या दशकात याच कंपनीनं दुसरा मोठा कारखाना पिंपरी-चिंचवडला काढला, पोलादापासून इतक्या लांब.

याची कारणं बरीच सांगतात, आणि ती खरीही आहेत. मुंबई जवळ, बंदर जवळ, रेल्वे आणि रस्ता दाराशी, पवनेचं पाणी, पुण्यातली इंजिनीअरिंगची कॉलेजं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतीच. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, म्हणजे सरकारच जमीन, पाणी, रस्ते देऊ लागलं. त्याच सुमारास कोयनेची वीज सुरू झाली.

एक कारण मात्र कमी बोललं जातं. त्याचं नाव फ्रेट इक्वलायझेशन, म्हणजे वाहतूक-भाड्याचं समानीकरण. १९५० च्या दशकात केंद्र सरकारनं ठरवलं की पोलाद देशात कुठंही घ्या, रेल्वेनं पोचवल्यावर भाव साधारण एकच पडेल. लांबच्या गिऱ्हाइकाचं जादा भाडं सगळ्यांच्या किमतीत वाटून टाकलं जाई. जमशेदपूरच्या गेटबाहेर वर्कशॉप टाकणाऱ्यालाही तोच भाव आणि भोसरीवाल्यालाही तोच. उद्देश चांगला होता, देशभर कारखाने पसरावेत. पण तेव्हाच्या बिहारच्या हातात खाणीशेजारी असण्याचा जो एकमेव फायदा होता, तो या धोरणानं काढून घेतला. बंदर, बाजारपेठ आणि शिकलेले कामगार असलेल्या पश्चिमेकडच्या राज्यांना तो आपसूक मिळाला. हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, उदारीकरणात बंद झालं. तोपर्यंत आपला पट्टा उभा राहून गेला होता.

मी हे असं मांडतो : समानीकरणानं पोलादाचा पत्ता पुसून टाकला. सळई कुठल्या भट्टीतून आली, किती लांबून आली, हे विचारायची इथल्या कारखानदाराला गरजच उरली नाही. ग्रेड बरोबर आहे ना, भाव काय, माल कधी येणार, एवढं पुरे. त्या सवयीवर तीन पिढ्यांचा धंदा झाला. सीबॅम तोच पुसलेला पत्ता परत विचारतोय.

सीमेवरचा कर आपल्याला नवा नाही

नाक्यावर गाडी थांबवून मालावर कर घेणं, हे पिंपरी-चिंचवडकरांना कुणी शिकवायला नको. जकात आठवतेय ना? आपली महापालिका १९८२ ची, आणि तिचा 'आशियातली श्रीमंत महापालिका' हा लौकिक जकातीवरच उभा होता. शहरात येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे पैसे. १ एप्रिल २०१३ ला जकात जाऊन एलबीटी आला, आणि २०१५ च्या ऑगस्टपासून तोही बहुतेकांसाठी गेला.

जकातीत आणि सीबॅममध्ये एक मोठा फरक आहे. जकात नाक्यावरचा कारकून बिल्टी बघायचा : माल कोणता, किंमत किती. पोलाद दगडी कोळशावर वितळवलं की भंगारातून, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. एकसारखे दोन ट्रक एकसारखेच पैसे भरून आत जायचे. सीबॅममध्ये एकाच मापाचे, एकाच ग्रेडचे, एकाच पॅकिंगमधले दोन बोल्ट वेगवेगळे पैसे भरतात. शंभर मायक्रोमीटर लावून त्यांच्यातला फरक सापडणार नाही. फरक त्यांच्या मागच्या भट्टीत आहे.

युरोपनं हे का केलं

युरोपात २००५ पासून कार्बनचा बाजार आहे. मोठ्या कारखान्यानं एक टन कार्बन डायऑक्साइड सोडला की एक परवाना जमा करायचा. परवान्यांची संख्या ठरलेली, ती दरवर्षी कमी होते, म्हणून भाव चढतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो पहिल्यांदा टनाला १०० युरोच्या वर गेला, नंतर खाली आला. पण पोलाद कारखान्यांना बरेचसे परवाने फुकट मिळत. नाहीतर कारखाने युरोप सोडून जातील, अशी भीती होती. आता युरोप हे फुकट परवाने टप्प्याटप्प्यानं बंद करतोय, आणि त्याच वेगानं बाहेरच्या मालावर सीबॅम चढवतोय.

यातला हिशेब नीट समजून घ्या, कारण इथंच गडबड होते. बरेच जण म्हणतात, '२०२६ मध्ये फक्त अडीच टक्के आहे, २०३४ ला बघू.' तसं नाही. प्रत्येक वस्तूसाठी एक मापदंड ठरवलाय, म्हणजे चांगला कारखाना ही वस्तू किती कार्बनमध्ये बनवतो तो आकडा. २०२६ मध्ये त्या मापदंडाच्या ९७.५ टक्के इतकी सूट मिळते. २०३० मध्ये ती ५१.५ टक्के होते आणि २०३४ मध्ये शून्य. पण मापदंडाच्या वर जेवढा कार्बन आहे, त्यावर सूट कधीच नव्हती. तो पहिल्या दिवसापासून पूर्ण भरायचाय. म्हणजे ज्याची भट्टी जास्त काळी, त्याला २०३४ ची वाट बघावी लागत नाही.

आणि आपली भट्टी सरासरीनं जास्त काळी आहे. केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या २०२४ च्या अहवालातला आकडा सांगतो : भारतात एक टन पोलादामागे सरासरी २.५४ टन कार्बन डायऑक्साइड, जगाची सरासरी १.९ टन. याला कारणं आहेत. आपल्याकडे भंगार कमी, कोळशावर बनणारं स्पंज आयर्न जास्त, नैसर्गिक वायू महाग.

भोसरीतली एक फाइल

आता एक उदाहरण. भोसरी एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक काका आहेत, स्टड आणि बोल्ट बनवतात. त्यांचा काही माल जर्मनीला जातो. तिथल्या गिऱ्हाइकानं एक एक्सेल पाठवली, युरोपीय आयोगानं कारखान्यांसाठी बनवलेला नमुना. काकांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुला कॉम्प्युटर येतो, बघ जरा हे."

मला वाटलं होतं, विजेचं बिल टाकायचं, गॅसचं बिल टाकायचं, संपलं. पण लोखंड-पोलादाच्या मालाला सध्या विजेचा कार्बन मोजतच नाहीत, फक्त थेट जळलेल्या इंधनाचा मोजतात. म्हणजे महावितरणचं बिल बाजूला राहिलं. हिट ट्रीटमेंटच्या भट्टीचा गॅस आला, तोही थोडा. खरा आकडा होता कच्च्या मालाचा : तुम्ही घेतलेला बार कुठल्या कारखान्यात, कुठल्या पद्धतीनं बनला आणि त्यामागे किती कार्बन गेला.

काकांनी टीसी काढली. माहीत नसेल त्यांच्यासाठी, टीसी म्हणजे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. हीट नंबर, रासायनिक घटक, ताकद, सगळं त्यावर. "हे बघ, कार्बन लिहिलाय की," काका म्हणाले. लिहिला होता, ०.४२ टक्के. पण तो पोलादात राहिलेला कार्बन. हवेत गेलेल्याचा त्या कागदावर उल्लेख नाही. डीलरला फोन केला. डीलर म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नाही. बरोबरच आहे त्याचं, सत्तर वर्षांत कुणी विचारायचं कारणच नव्हतं.

मग आम्ही कागदावर गणित मांडलं. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा एक टन तयार बोल्टसाठी १.२५ टन बार लागतो, बाकीचा चिप्स होऊन जातो. बार कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसचा, टनाला २.२ टन कार्बन. म्हणजे २.७५. गॅसचे आणि इतर ०.२५ धरले. एकूण ३ टन. युरोपचा भाव ७५ युरो धरला, तर सूट संपल्यावर टनामागे २२५ युरो. युरो १०० रुपयांचा धरा, झाले २२,५०० रुपये. आता तोच बार भंगारातून, इलेक्ट्रिक भट्टीत बनलेला घ्या, थेट कार्बन टनाला ०.४. बोल्टमागे एकूण ०.७५ टन. रुपये साधारण ५,६००. फरक किलोमागे जवळजवळ १७ रुपये. ज्या धंद्यात रुपया-दोन रुपयांवरून घासाघीस होते, त्यात १७ रुपये म्हणजे ऑर्डर असणं किंवा नसणं.

या गणितात दोन गोष्टी लपल्यात. पहिली, भंगाराला सीबॅममध्ये शून्य कार्बन धरतात. म्हणून भंगारावर चालणारी भट्टी एकदम फायद्यात येते. दुसरी, चिप्स. तो पाव टन तुम्ही भंगारवाल्याला विकता, पण त्याच्यामागचा कार्बन त्याच्याबरोबर जात नाही, तो तुमच्या बोल्टच्याच माथी बसतो. म्हणजे कटिंग कमी करणं, बारचा साइज जवळचा निवडणं, टर्निंगऐवजी फोर्जिंग करणं, ही सगळी आता कार्बनची कामं झाली. ही कामं भोसरीच्या माणसाला उत्तम येतात. त्यासाठी कुठला सल्लागार लागत नाही.

कोण आत, कोण बाहेर

सीबॅम वस्तूच्या नावावर नाही, कस्टमच्या कोडवर चालतो. नट-बोल्टचा कोड ७३१८, तो यादीत आहे. पाइप आहेत, स्ट्रक्चर आहेत, ७३२६ खालच्या लोखंडाच्या इतर वस्तू आहेत, त्यात काही फोर्जिंगही येतात. पण ७३२५, म्हणजे ओतीव लोखंडाच्या इतर वस्तू, यादीत नाही. गाड्यांचे सुटे भाग, कोड ८७०८, तोही नाही. त्यामुळे गंमत अशी होते की खोक्यात भरून गेलेल्या बोल्टवर कर आहे, आणि तोच बोल्ट चाकणला गाडीत बसून गेला तर नाही.

चाकणची बाजारपेठ एकेकाळी कांद्यासाठी ओळखली जायची. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या या गावात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, त्यांच्यामागे पुरवठादारांची रांग. या रांगेतल्या बहुतेकांना सध्या वाटतं की आपण यादीबाहेर आहोत. पण डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं प्रस्ताव मांडला की २०२८ पासून पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर वापरणाऱ्या आणखी सुमारे १८० वस्तू यादीत घ्याव्यात. तो अंतिम कसा होईल ते पुढचं पुढं. दिशा मात्र कच्च्या मालाकडून तयार मालाकडे आहे, आणि तयार माल म्हणजे आपला पट्टा.

लहान कारखान्यांना वाटतं, ५० टनांखाली सूट आहे म्हणे. आहे, पण ती आयात करणाऱ्याला. युरोपातल्या त्या कंपनीनं वर्षभरात सगळीकडून मिळून ५० टनांपेक्षा कमी माल आणला तर. तुम्ही १० टन पाठवा, पण तुमचं गिऱ्हाईक इतर दहा जणांकडून ५०० टन घेत असेल, तर तुमचे १० टनही हिशेबात आले. आणि तुम्ही आकडे दिले नाहीत, तर तुमच्या देशासाठी ठरवलेला, वर दंडासारखी भर घातलेला आकडा तुमच्या मालाला लागतो. स्वच्छ पोलाद वापरूनही कागद नसेल तर काळ्याचेच पैसे.

पैसे भरतो आयातदार, पण तो ते भावात कापतो किंवा पुरवठादार बदलतो. मोठ्या कंपन्यांकडे यावर उत्तरं आहेत. १९६१ साली नीळकंठराव कल्याणींनी स्थापन केलेल्या भारत फोर्जनं २००४ मध्येच जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली होती. त्याच समूहानं डिसेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रिक भट्टी आणि नवीकरणीय ऊर्जेवरचं 'फेरेस्टा' हे हरित पोलाद बाजारात आणलं. वीस कामगारांच्या वर्कशॉपकडे ना स्वतःची भट्टी, ना कार्बन मोजणारा माणूस. खरा फटका इथं बसणार आहे, आणि त्याची बातमी होणार नाही. एक गिऱ्हाईक हळूच दुसरीकडे जाईल, एवढंच.

तक्रार रास्त आहे, पण

हे न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आता आपल्याकडून टनावारी पैसे मागायचे! १९९२ च्या हवामान करारातच लिहिलंय की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. भारत सरकार हेच सांगत आलंय. तरीही २७ जानेवारी २०२६ ला भारत-युरोप मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हा सीबॅम जागेवरच राहिला.

पण इतिहास वाचताना मला एक गोष्ट टोचते. समानीकरणाच्या काळात दुसऱ्या कुणीतरी केलेल्या नियमानं धनबाद-जमशेदपूरकडचा फायदा काढून आपल्या पदरात टाकला. आपण तेव्हा तक्रार केली नाही. झारखंडच्या माणसानं आज आपलं गाऱ्हाणं ऐकलं, तर तो काय म्हणेल? नियम दूरच्या राजधानीत होतात आणि वर्कशॉप त्याप्रमाणे वसतात किंवा उठतात. फरक एवढाच की यावेळी राजधानी दिल्ली नाही, ब्रुसेल्स आहे.

मग करायचं काय? एक रस्ता कायद्यातच आहे. माल जिथं बनला त्या देशात कार्बनची किंमत भरली असेल, तर ती सीबॅममधून वजा होते. भारतानं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित केलीय. ती पोलादाला नीट लागू झाली, तर तोच पैसा देशात राहील आणि भट्ट्या सुधारायला वापरता येईल. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं हरित पोलादाची व्याख्याही केली : टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन, आणि त्यात तीन ते पाच तारे. आता गरज आहे ती हा आकडा डीलरपर्यंत, टीसीच्या कागदापर्यंत उतरण्याची. हीट नंबरशेजारी एक रकाना वाढवायचाय. मोठ्या मिलकडे तो आकडा असतोच. लहान गिऱ्हाइकानं मागितला, एकट्यानं नाही तर संघटनेतून मागितला, तर द्यावा लागेल.

तुमचं किंवा तुमच्या घरच्यांचं वर्कशॉप असेल, तर पुढच्या बार खरेदीच्या वेळी भाव विचारून झाल्यावर एक प्रश्न जास्त विचारा : हा माल कुठल्या मिलचा, ब्लास्ट फर्नेसचा की इलेक्ट्रिक भट्टीचा? आणि आलेलं उत्तर टीसीबरोबर फाइलला लावून ठेवा.

आजच्यापुरतं इथंच थांबतो. पुढच्या भागात कोयनेच्या विजेची गोष्ट सांगतो, तिचा आजच्या विषयाशी वाटतो त्यापेक्षा जवळचा संबंध आहे. भेटू.